देखाव्यातला व्हेप आम्ही का उतरवला

अन्याय झाला तो माझ्या मामेबहिणीवर. कधी झाला तेही सांगते. तिचा दहावीचा निकाल लागला त्याच दिवशी, दिवेलागणीला, दादरला, तिच्या क्लासच्या खाली. हातात पेढ्यांचा बॉक्स होता. मैत्रिणी होत्या. बाजूच्या दुकानात मोबाइलची कव्हरं आणि इअरफोन मिळतात. त्या दुकानदाराने काउंटरच्या खालून एक जांभळी वस्तू काढली, दिसायला हायलायटरसारखी, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींच्या घोळक्याला विकली. "सिगारेट नाहीये गं ही, फ्लेवर आहे नुसता. पाण्याची वाफ," असं सांगून विकली.

देशात ई-सिगारेट, म्हणजे हाच व्हेप, बनवायला, विकायला, साठवून ठेवायला आणि तिची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. त्या माणसाला हे माहीत होतं. नाहीतर त्याने ती काउंटरच्या वरच मांडली असती.

हे लिहायला घेतलं तेव्हा पहिला मजकूर बहिणीला वाचायला दिला. तिने 'बिचारी' हा शब्द दिसेल तिथे खोडला. "मी चढाई करते ताई, बिचारी काय? मला वाचूनच राग आला." त्यामुळे तो शब्द आता पुढे येणार नाही. तिचं नाव छापायचं नाही असं ठरलं, मग बाकीच्यांचंही नको.

तर ती चढाई करते. लालबाग-परळमध्ये जन्मलेल्याला कबड्डी समजावून सांगावी लागत नाही, पण तुम्ही शिवाजी पार्कच्या क्रिकेट नेटमध्ये वाढला असाल तर एवढं लक्षात ठेवा: समोरच्या संघाच्या हद्दीत एकटीने जायचं आणि परत मध्यरेषेवर येईपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. याला दम म्हणतात. दम तुटला की पंच बोट वर करतात आणि तुम्ही बाद. आमच्या बहिणीचा दम असा होता की समोरच्या पोरी कंटाळायच्या. तिचे सर म्हणायचे, "हिला परत बोलवा रे, जेवायची वेळ झाली."

आषाढात हेच सर घरी आले आणि मामीला म्हणाले, "पोरीला काही झालंय का? अर्ध्यात तुटते. परवा तर खोकत मॅटवर बसली."

मामीला त्याआधीच ती जांभळी वस्तू सापडली होती. दप्तर धुताना. मालवणच्या बाईला तो पेन वाटला, म्हणून तिने तो टीव्हीखालच्या पेनस्टँडमध्ये नीट उभा करून ठेवला. मामाने तर त्या 'पेना'ने सोसायटीच्या नोटिसीवर सही करायचा प्रयत्न केला.

"रिफिल संपलीये वाटतं."

"झटकून बघा जरा," मामी म्हणाली.

मामाने झटकून बघितला. बहीण सोफ्यावर बसून हे बघत होती. नंतर मला म्हणाली, "ताई, मला हसूही येत होतं आणि तिथल्या तिथे मरावंसंही वाटत होतं."

सर गेल्यावर तिने स्वतःच सगळं सांगितलं. मामी थोडा वेळ पेनस्टँडकडे बघत राहिली आणि म्हणाली, "गो बाय माझे, ह्या माझ्या घरात माझ्याच डोळ्यासमोर होतां?" मारलं नाही, ओरडली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन परळच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत रांगेत उभ्या होतो. डॉक्टरीण तरुण होती, माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. ती बहिणीशी बोलली, आमच्याशी नाही. "ही वाफ नाहीये. यात निकोटीन आहे. म्हणून सोडलं की डोकं दुखतं आणि चिडचिड होते. तू कमकुवत आहेस असा त्याचा अर्थ काढू नकोस. सोडता येतं. श्वासही बराच परत येतो तुझ्या वयात. पण आता सोड, नंतर नको."

विसर्जनानंतरच्या आठवड्यात जिल्हा संघाची निवड चाचणी होती. बहिणीने तिथेच विचारलं, "तोपर्यंत येईल परत?" डॉक्टरीण म्हणाली, "तारखेचं वचन देणारी डॉक्टर शोधत असशील तर मी नाही ती."

मला ती बाई जाम आवडली.

आता माझ्याबद्दल. मी पत्रकं लिहिते. चाळीत पाणी आलं नाही की पत्रक, कॉलेजने फी वाढवली की पत्रक. वर ठळक अक्षरांत 'जाहीर निषेध', खाली मुद्दे, शेवटी 'आपले नम्र' आणि त्यात नम्र कोणीच नाही. त्या आठवड्यात मी व्हेपवर पत्रक लिहिलं, दादरला क्लासेसच्या बाहेर वाटलं, आणि वाटलेल्यापैकी बरीच वडापावखाली गेलेली माझ्या डोळ्यांनी बघितली. इन्स्टाग्रामवर पेज काढलं. त्याला फॉलोअर मिळाले ते आमचेच नातेवाईक. एका मावसभावाने कमेंट टाकली, "छान उपक्रम." बस्स.

म्हणून आमच्या गणपती मंडळाची देखाव्याची मीटिंग लागली तेव्हा मी कंबर कसूनच गेले. आमचं मंडळ छोटं आहे. पण लालबागमध्ये मोठ्या गणपतींच्या रांगांतून सुटलेली माणसं पाय मोकळे करायला गल्लीबोळांत शिरतात, आणि ती गर्दी आमच्याकडेही येते. तेवढी माणसं माझ्या पेजला सात जन्मांत मिळणार नव्हती.

मीटिंगमध्ये आधी 'झाडे लावा' आलं, मग 'मोबाइलचा विळखा' आलं, जे आम्ही आधीच एकदा केलं होतं. मी उठले आणि बोलत सुटले. सेक्रेटरी काका चष्म्यावरून बघत होते. तरुणपणी ते बँकेच्या संघातून कबड्डी खेळायचे, आता गुडघ्यांना पट्टे बांधतात.

"झालं तुझं?" ते म्हणाले.

"नाही."

"बरं, उरलेलं ऐकल्यासारखंच आहे. तुझं भाषण ऐकून माणूस टेन्शनने सिगारेट पेटवेल गं. पण विषय चांगला आहे. कोणाचा विरोध?"

कोणाचाच नव्हता! मी घरी उड्या मारत गेले.

आता पुढे जे झालं ते फक्त मंडळवाल्यांच्याच हातून होऊ शकतं. आमच्याकडे देखाव्याचा एक अलिखित नियम आहे: राक्षस भारी पाहिजे. विषय हुंडा असो, प्रदूषण असो, मोबाइल असो, त्याचा एक राक्षस होतो, आणि त्याच्यावर अख्ख्या मंडळाचा जीव. डोळ्यांत लाइट, तोंडातून धूर, हलणारे हात. त्याला मारणारा बापडा कोपऱ्यात उभा असतो, त्याचा रंगही नीट वाळलेला नसतो. लहानपणापासून आम्ही सगळे देखावे राक्षसासाठीच बघायला जात आलोय. त्यामुळे व्हेपचा राक्षस करायचा ठरला तेव्हा कोणालाही, अगदी मलाही, यात काही वावगं वाटलं नाही.

आमच्या चाळीतला एक दादा सिनेमाच्या सेटवर काम करतो. त्याने जीव ओतला. आठ फुटांचा व्हेप, जांभळा, वरून खाली सरकत जाणारा निऑन लाइट, मधोमध दोन डोळे, आणि टोकातून दर थोड्या वेळाने भसकन धूर. कोणीतरी म्हणालं, धुराला स्ट्रॉबेरीचा वास देऊ या, म्हणजे कळेल लोकांना किती फसवं असतं. तेही केलं. बाजूला एका फुप्फुसाचं कटआउट. ते छोटं होतं, कारण प्लाय राक्षसातच संपलं होतं.

गणपती बसले त्या संध्याकाळी पडदा उघडला आणि लोक म्हणाले, "वॉव."

ते ऐकून मला आनंदच झाला, हे लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी तर गर्दी गल्लीच्या तोंडापर्यंत. पोरं राक्षसासमोर उभी राहून धूर यायची वाट बघत होती, आला की दोन बोटं वर करून सेल्फी. एका रीलला तर इतके लोक मिळाले की काकांनी स्वतः ती मला पाठवली, वर तीन अंगठे. खालच्या कमेंट मी वाचल्या.

"भाई काय लुक आहे."

"हा कलर कुठे मिळेल?"

"लालबाग व्हेप पॉइंट. या मंडळी."

आणि एका पोराने खरा व्हेप ओढून, राक्षसाच्या धुरात आपला धूर सोडून व्हिडिओ केला होता. आमच्या बाप्पाच्या मंडपात! मी फोन गादीवर आपटला. कायद्याने जी जाहिरात करता येत नाही ती आम्ही वर्गणी काढून केली होती.

पण एवढ्यानेही मी कदाचित काकांशी भांडायला गेले नसते. दोन जास्तीचे बोर्ड लावू, निवेदनाचा आवाज वाढवू, असलं काहीतरी केलं असतं. बहिणीमुळे गेले. तिच्या सरावाचं मैदान आमच्या मंडपाच्या मागे आहे. ती त्या दिवशी भारतमाता नाक्याकडून एवढा वळसा घालून, घामाने निथळत आली.

"इकडून का नाही आलीस गं?"

"तिकडून नाही जायचं मला."

"का?"

"वास येतो ताई. तोच वास. आणि तो लाइट असा खाली सरकतो ना... काल तिथे उभी होते तर हात आपोआप बॅगेकडे गेला. बॅगेत काही नव्हतं. पण गेला." मग ती चिडली. "तुम्ही लोकांनी माझ्या रस्त्यात आणून ठेवलाय तो. आठ फुटी!"

मी तिचा हात धरून तशीच मंडळाच्या ऑफिसात गेले. दुपारची वेळ, काका आणि सेटवाला दादा चहा पीत होते.

"काका, राक्षस उतरवा."

"काय?"

"उतरवा. आज."

दादाने कप खाली ठेवला. "ए, वेडी झालीस काय? किती रात्री जागलोय त्याच्यावर!"

काका म्हणाले, "बाई, गौरी-गणपती गेले की घरचे गणपती आटोपलेली मुंबई देखावे बघायला सुटते. खरी गर्दी तर आत्ता कुठे सुरू होणार. आणि आत्ता स्टेज मोकळा करू? लोक काय बघतील, पडदा?"

"लोक काय बघतायत ते बघा ना तुम्ही! कमेंट वाचल्यात का?"

"कमेंटवाले काहीही लिहितात."

मी परत भाषणाला तोंड उघडलं तेवढ्यात बहीण पुढे झाली. सरावाच्या जर्सीत होती. म्हणाली, "काका, मी ओढायचे. दहावीच्या निकालापासून. आता सोडलंय. तुमच्या मंडपासमोरून मला जाता येत नाही."

काका तिला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतात. तिच्या पहिल्या शिल्डचं पेढ्याचं पाकीट त्यांच्याच घरून आलं होतं. मला वाटलं आता उपदेश सुरू होणार. काकांनी वेगळंच विचारलं.

"दम किती राहिलाय?"

"बघा," ती म्हणाली.

तिने फरशीच्या सांध्यावर मध्यरेषा धरली, खुर्च्या पायाने सारल्या आणि वाकली. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." उजवीकडे, डावीकडे, कपाटापर्यंत. काका पुटपुटत होते, "खाली, अजून खाली वाक." परत फिरताना, रेषेच्या अलीकडे, आवाज चिरला आणि थांबला. ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. दादा दुसरीकडे बघायला लागला.

काकांनी पंचासारखं बोट वर केलं नाही. मग दादाला म्हणाले, "स्क्रू कुठून लावलेत रे त्याला?"

"मागून."

"काढ."

दादा उठला. जाता जाता मला म्हणाला, "तुझ्या नावाने शिमगा करीन मी." पण पाना घेऊनच गेला.

आता स्टेजवर काय? हे मात्र काकांचं डोकं. संध्याकाळच्या आत त्यांनी मैदानातून तांबड्या मातीच्या गोण्या आणवल्या, स्टेजवर पसरल्या, पाणी मारून चोपल्या आणि पांढऱ्या फक्कीने मधोमध एक रेषा ओढली. बस्स, एवढाच देखावा. बोर्डावरचा मजकूर मी लिहिला. पहिल्यांदा पानभर झाला. काकांनी लाल पेनाने कापत कापत दोनच ओळी ठेवल्या: 'व्हेपने आमच्या एका मुलीचा दम अर्धा केला. तुमचा किती आहे, या रेषेवर बघा.' मी म्हटलं, "निषेध कुठे गेला?" ते म्हणाले, "तो लोकांना करू दे की, सगळा तूच करणार काय?"

आरतीनंतर बहीण मातीवर उतरली. तोंडाला स्कार्फ बांधायचा का, असं मामीने विचारलं होतं. ती म्हणाली, "स्कार्फ बांधून दम कसा लावू?" माइक काकांनी रेषेजवळ ठेवला होता. गल्लीभर तिचा आवाज घुमला, 'कबड्डी कबड्डी', आणि मग तुटला. गर्दीतून कोणीतरी "आई गं" म्हणालं. काका माइकवर म्हणाले, "आता कोण येतंय?" आधी कोणी हलेना. मग एक बाई आल्या, डोंबिवलीहून गणपती बघायला आलेल्या, पर्स नवऱ्याकडे दिली, पदर खोचला आणि अशी काय चढाई केली की शिट्ट्या! त्यांच्यानंतर त्यांचा नवरा आला आणि दोन पावलांत बाद. "आता सांगा घरी कोणाचा आवाज चालतो ते," बाई माइकवर म्हणाल्या. मग रांगच लागली.

या चढायांचे व्हिडिओ मी आमच्या पेजवर टाकले, त्यांचा नियमही त्याच संध्याकाळी केला आणि हा एकच नियम मी माझ्या आयुष्यात नीट केला असेन: व्हेप दाखवायचा नाही. फोटो नाही, चित्र नाही, धूर नाही, रंग नाही. फक्त माणूस, रेषा आणि आवाज. व्हिडिओच्या खाली एक वाक्य: 'रेषा ओढा, दम लावा, आम्हाला पाठवा.' झालं.

आणि ते पसरलं! खोताच्या वाडीतल्या एका आजींनी फ्रॉकमध्ये, लाकडी जिन्यासमोर खडूची रेषा ओढून पाठवलं. शिवाजी पार्कातल्या मॉर्निंग वॉकवाल्या आजोबांच्या ग्रुपने तर संघच उतरवला, त्यांच्यात पंचाच्या निर्णयावरून खरंखुरं भांडण झालं, तेही व्हिडिओत आहे. माहीमच्या कोळीवाड्यातून एका मावशीने मासळीची पाटी बाजूला ठेवून इतका लांब दम लावला की शेवटी कॅमेरा धरणाराच म्हणाला, "आये, पुरे की!" क्लासची पोरं, ज्यांनी माझी पत्रकं वडापावखाली घातली होती, ती रात्री उशिरापर्यंत मला मेसेज करत होती. "ताई, माझा लवकर तुटला. मी ओढतो. काय करू?" असे मेसेज एक नाही, कितीतरी. ओपीडीतल्या त्या डॉक्टरिणीला विचारून मी प्रत्येकाला उत्तर दिलं. मला झोप येत नव्हती, भूक लागत नव्हती, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग एका वृत्तवाहिनीचा माणूस कॅमेरा घेऊन आला. आधी म्हणाला, "तो मोठा व्हेप कुठाय? व्हिज्युअल लागेल." आम्ही म्हटलं, उतरवला. "मग एखादा खरा तरी दाखवा. आणि ती व्यसनी मुलगी..."

"कोण?" बहीण म्हणाली. ती त्याच्या शेजारीच उभी होती.

"म्हणजे... पीडित."

"चढाईपटू लिहा. नाहीतर निघा."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, अशाने बातमी लागत नाही." काका म्हणाले, "बातमी नंतर लावा, आधी दम लावा." आणि त्याला मातीवर उतरवलाच. पठ्ठ्या वळायच्या आत खोकायला लागला. त्याच्याच कॅमेरामनने ते शूट केलं. बातमी लागली, व्हेप न दाखवता लागली, आणि त्यात चढाईपटू हाच शब्द होता.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी बहीण पहिल्यांदा त्या मातीवर रेषेपर्यंत परत आली. आवाज फाटका होता, पण होता. काकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "धूळ फार उडवता तुम्ही पोरी."

निवड चाचणीत सरांनी तिला राखीव खेळाडू म्हणून घेतलं. मी मैदानाच्या कडेला नाचले. ती मात्र माझ्यावर उखडली, "राखीव म्हणजे बाकावर, ताई. नाचतेस काय?" दुसऱ्या दिवशी पहाटे ती सरावाला गेली, मंडपाच्या रस्त्याने, सरळ. मंडप तोवर सोडला होता. अजूनही कधीतरी तिला ओढावंसं वाटतं. ती ते सांगते, मी ऐकते. हे संपलेलं नाही.

म्हणून आता तुम्हाला. होय, तुम्हालाच, हे वाचणाऱ्याला. तुमच्या सोसायटीच्या, शाळेच्या, मंडळाच्या ग्रुपवर 'पालकांनो सावधान' म्हणून व्हेपचे रंगीत फोटो फिरतायत. चांगल्या मनाने तुम्ही ते पुढे पाठवलेत. तो आमचाच आठ फुटी राक्षस आहे, तुमच्या फोनमध्ये बसलेला. फोन उचला आणि तो फोटो काढून टाका. पाठवला असेल तिथूनही काढा, आणि का काढलात ते तिथेच दोन ओळींत लिहा. मग घरातल्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवा आणि विचारा, "तुला कोणी व्हेप दिला का?" आणि त्यांचं बोलून संपेपर्यंत तोंड उघडू नका. उद्या नाही. आज.